जिऱ्याच्या पुडीत गेलेला शेवट

मावशी, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. तू असतीस तर लिहायची गरजच पडली नसती, समोर बसून सांगितलं असतं. असं मी म्हणते खरी. पण तू आठ महिने समोर होतीस आणि मी सांगितलं नाही. म्हणजे हे वाक्यही खोटंच. खोडत नाही, राहू दे.

काल तुझं बारावं झालं. मी ओटीच्या कडेला चपलांपाशी बसले होते. सगळं शिरवणं गाव लोटलं होतं, मला कोण ओळखतंय? तुझ्या मागच्या खोलीतली साताऱ्याकडची भाडेकरीण, एवढंच. वाढता वाढता तुझी सून वंदना माझ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "वहिनी, जेवून लगेच जाऊ नका. आयनं तुमच्यासाठी काय तरी ठेवलंय."

काय ठेवलं होतंस ते पुढं सांगते. मला क्रमानं जाऊ दे, नाहीतर मी नेहमीसारखी मध्येच गप्प होईन.

आम्ही तुझ्या खोलीत राहायला आलो तेव्हा मी तुझ्याशी पदराआडून बोलायची. आमचे हे दिवसभर मार्केटात कांद्याची पोती पाठीवर वाहायचे, आमची पोर सुनीता शाळेत जायची, आणि मी दुपारभर रद्दीच्या कागदाला खळ लावून वाण्यासाठी पिशव्या चिकटवत बसायची. पहिल्या दिवशी मी तुला "तुम्ही" म्हणाले तर तू केवढ्यानं हसलीस! "तुमी काय बोलतंस गो? मी काय मास्तरीन हाय? मासली इकतंय मी." तेव्हापासून तू मावशी आणि तू तूच.

एका दुपारी टोपली रिकामी करून आलीस. हाताला लिंबू चोळत माझ्या दारात उभी राहिलीस. मी एका जाड पुस्तकाची पानं सुटी करत होते.

"त्याच्यावर काय लिवलाय?"

"कादंबरी आहे."

"म्हंजे?"

"गोष्ट. मोठी."

"मंग फाडतंस कशाला? आधी वाच, मंग फाड."

एवढं साधं होतं, पण मला इतके दिवस सुचलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की अडखळायची. चौथीनंतर माझा आवाज ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं. तू बसलीस, पाय पसरून, भिंतीला टेकून. मी पुटपुटायला लागले तर म्हणालीस, "मोठ्यानं वाच गो. मना काय डोळ्यांनी ऐकायचाय?" मग तो नेमच झाला. रद्दीत गोष्टीचं पुस्तक आलं की आधी तुझ्या ओटीवर वाचून संपवायचं, मग त्याच्या पिशव्या करायच्या. ओटीवर कोपऱ्यात एक बाज होती. मी तिच्यावर बसायला गेले तर तू म्हणायचीस, "तिच्यावर नको, ढेकून हायत." म्हणून आपण दोघी खाली, सारवलेल्यावर.

मावशी, तुझ्यासारखी वाचणारी मी पाहिली नाही. वाचता न येणारी वाचणारी. एका पुस्तकावर रक्ताळलेल्या सुऱ्याचं चित्र होतं. आपण दोघी घाबरून, उत्सुक होऊन बसलो, आणि आत चार भाऊ नुसते जमिनीच्या वाटणीवरून बोलत होते. दर दहा पानांनी तू विचारायचीस, "सुरा कुठं हाय?" शेवटी सुरा आला एकदाचा. त्यानं कलिंगड कापलं. तू हसता हसता उलट्या ठेवलेल्या टोपलीवर कलंडलीस.

दुसरी एक समुद्रकाठची होती. तिच्यावर माझा फार जीव, कारण भाषा गोड होती. तिच्यात एक वाक्य आलं, पुनवेचा समुद्र बाळासारखा झोपला होता. तू हात वर केलास. "थांब. पुनवेला? भर उधानाला झोपला? ह्या माणसाला मोरा बंदराच्या धक्क्यावर नेऊन उभा कर पुनवेला, म्हंजे कळंल कोन झोपतंय ता." त्यापुढं ते पुस्तक तू ऐकलंस, पण विश्वास ठेवून नाही. मी जरा रुसले. गोड लिहिणाऱ्याला एक चूक माफ करायला काय हरकत आहे, असं मला वाटायचं. तू म्हणालीस, "जो दर्या बगत नाय तो बाईला काय बगनार?"

आणि ती एक, जिच्यात म्हातारा नुसता खुर्चीत बसून जुनं आठवत असतो. मला इतका कंटाळा आला की चाळीस पानांवर मी खळीची वाटी जवळ ओढली. तू माझा हात धरलास. "वाच. तो काय तरी लपवतंय." कशावरून, विचारलं, तर म्हणालीस, "भावाचा नाव एकदा बी घेतला नाय त्यानं." दोनशेव्या पानाच्या पुढं निघालं, पुराच्या पाण्यात त्यानं भावाचा हात सोडला होता. मी छापलेलं वाचत होते आणि तू न छापलेलं ऐकत होतीस.

हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, मावशी. न कळून झालं असतं तर आज एवढी लाज वाटली नसती.

मग हेमलता आली.

त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं. कव्हर नसलं की मी मागून पानं सोडवायची, तसं हातच चालायचे. मागची दोनतीन पानं सोडवून, पुड्या करून, त्या वाण्याकडे पोचत्याही झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उरलेलं हातात घेतलं तर एका ओळीनं नजर धरून ठेवली, आणि मी ते घेऊन तुझ्याकडे धावले. पंधरा दिवस आपण ती वाचली. हेमलताचा नवरा तिला आणि पोराला टाकून दुसऱ्या बाईबरोबर शहरात गेलेला. ती शाळेत शिकवते, पोराला वाढवते. बारा वर्षांनी तो खंगून, खोकत परत येतो. रात्रीची वेळ, बाहेर धो धो पाऊस, तो कडी वाजवतो. आणि पान संपतं तिथं लिहिलेलं, "हेमलताने कडीला हात घातला आणि".

पुढं काहीच नाही. पुढचं मी जिऱ्यामोहरीच्या पुड्यांत चिकटवून टाकलं होतं.

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी माणूस मारलंय. "आधी वाच, मंग फाड. बोललू नव्हतू काय?"

मग पुड्यांचा शोध सुरू झाला. वाण्याकडून आलेली, शेजारणीनं टाकलेली, बाजारात कुणाच्या हातातली, कुठलीही पुडी तू उलगडून, झटकून घेऊन यायचीस. "बग, ह्याच्यावर हेमलता हाय काय?" मी सांगायची, मावशी, ही लग्नाची पत्रिका आहे. हा कुणाचा तरी भूगोलाचा पेपर आहे. तू म्हणायचीस, "आनलाच हाय तर तो बी वाच." एका बाईला तू भर बाजारात थांबवून तिच्याकडून खसखशीची पुडी रिकामी करून घेतलीस. तिच्यावर पंचांग होतं.

शेवट मिळाला नाही, म्हणून आपण भांडायला लागलो. मी म्हणायची, "दार उघडून आत घेणारच ती. नवरा आहे, आजारी आहे."

"नाय घेनार."

"मग काय पावसात मरू द्यायचं?"

"तसा बी नाय." आणि तू सांगायचीस. ती दार उघडंल. त्याला ओटीवर बाज टाकून देल. भाकरी देल, औषध देल, पांघरून देल. पन उंबऱ्याच्या आत नाय. तो बोलंल, हेमे, मना आत घे. ती बोलंल, पानी पायजे काय? तो रडंल. ती बोलंल, पानी पायजे काय? त्याला काय पायजे ता तिला कळतंय, पन द्यायचा काय ता तीच ठरवनार.

दर वेळी अगदी हेच शब्द. मी म्हणायची, हे फार कठोर आहे. तू म्हणायचीस, "कठोर असती तर दार उघडला नसता." ते भांडण आपलं संपलं नाही. रुजून बसलं. हळूहळू मलाही दुसरा शेवट आठवेना. पुस्तक म्हटलं की मला तुझा आवाजच ऐकू यायचा, पानी पायजे काय.

आता ते. लिहितेच.

सुनीताच्या शाळेतल्या एक मॅडम गावाशेजारच्या बिल्डिंगांच्या सेक्टरातल्या महिला मंडळाचं वाचनालय बघायच्या. लोखंडी कपाटभर पुस्तकं, समाजमंदिरात, दर गुरुवारी. शाळेच्या फाटकाशी मी पुडीवरचं वाचत उभी असायची, ते त्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, "आवडलेल्या कादंबरीवर बोलायचा कार्यक्रम आहे. तुम्ही बोला." मी नाही नाही म्हणत घरी आले आणि तुला सांगितलं. तुझाच आनंद जास्त. "तू बोल गो. मी येतंय ऐकायला."

आणि तू आलीस. हिरवं लुगडं, गळ्यात सगळं सोनं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. खुर्च्या होत्या, पण तू दारापाशी सतरंजीवर बसलीस, पाय पसरून, आपल्या ओटीवर बसतेस तशी. बिल्डिंगमधल्या बायका वळून वळून बघत होत्या. खरं सांगते, मावशी, तिथूनच माझी लाज सुरू झाली. तुझी लाज. मी तुझ्याकडे न बघता बोलायला उभी राहिले.

सुरुवातीला आवाज फुटेना. मग हेमलता सांगता सांगता मी विसरले कुठं आहे ते. सगळ्या ऐकत होत्या. कडी वाजली, ती मी हातानं वाजवून दाखवली. आणि शेवट सांगितला. तुझा. ओटी, बाज, पाणी. पानं फाटलेली होती हे सांगितलं नाही. जणू छापलेलंच वाचलं, असं सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, पण असा शेवट नाहीच आहे! ती त्याच्या पायावर डोकं ठेवते ना?"

"हो हो, आणि म्हणते, माझंच चुकलं," दुसरी म्हणाली.

"ही कुठली नवी आवृत्ती?" कुणीतरी हसलं. मग बऱ्याच हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, पण मला तेव्हा कळलं नाही. मॅडमनी हळूच विचारलं, "शालनताई, तुम्ही पुस्तक पुरतं वाचलंत ना?"

आणि मी म्हणाले, "आमच्या गावात एक मासळीवाल्या बाई आहेत, त्यांनी सांगितला असा. अडाणी आहेत. त्यांना काय कळतंय?"

एवढंच. दोन श्वासांत म्हणून झालं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, कारण तशी बाई तिथं एकच होती.

तू उठली नाहीस. चिवड्याची बशी आली ती घेतलीस, चहा घेतलास. "साखर बरी हाय," असं चहा देणाऱ्या मुलीला म्हणालीस. परत येताना माझ्या दहा पावलं पुढं चाललीस. गावाच्या तोंडाशी थांबलीस आणि मागं न वळता म्हणालीस, "खरा शेवट कळला ना आता? झाला तर मंग."

त्यानंतर वाचन थांबलं. लोकांना वाटलं असेल तू रागावलीस म्हणून. नाही. तू दोनदा दारात येऊन उभी राहिलीस. एकदा म्हणालीस, "काय नवा आयला काय रद्दीत?" मी म्हटलं, "नाही मावशी, काम फार आहे." माझ्या पाठीमागं तीन पुस्तकं पडली होती. तुला दिसत होती. तू वंदनेच्या हाती वाटीभर कोलीम मासळी पाठवलीस, मी वाटी धुऊन परत केली. बोलले काही नाही. तुझ्यासमोर आले की मला माझंच वाक्य ऐकू यायचं, म्हणून तुलाच टाळलं. चुकले मी, आणि वाळीत टाकलं तुला.

आमच्या ह्यांनी एकदा विचारलंही, "मावशीशी बिनसलं काय गं?" म्हटलं, न्हाई. "मग जा की. त्या ओटीवर तू हसतीस तेवढी घरात बी हसत न्हाईस."

मधल्या काळात मी मंडळातून ते पुस्तक आणलं होतं. खरा शेवट तीन पानांचा आहे. हेमलता दार उघडते, त्याच्या पायांवर पडते, म्हणते, मीच तुम्हाला ओळखू शकले नाही. तो तिला उठवतो. पाऊस थांबतो. संपलं. मावशी, मी जे म्हणत होते तेच झालं होतं ना? त्याला घरात घेतलं होतं. लेखकानं माझीच बाजू घेतली होती. आणि मी ते पुस्तक इतक्या जोरात मिटलं की सुनीता दचकली. ही हेमलता नव्हेच. बारा वर्षं खडूच्या धुळीत उभी राहिलेली बाई असं कसं म्हणेल? कुणीतरी तिला शेवटच्या तीन पानांपुरतं बाहेर काढून दुसरीच कुणी तिथं उभी केली होती. त्या क्षणी धावत यायला हवं होतं तुझ्याकडे. "मावशी, तू बरोबर होतीस, पुस्तक चुकलंय," एवढंच म्हणायचं होतं. तू टाळी दिली असतीस. मी चपला घातल्या, तुझ्या ओटीपर्यंत आले, तू कोळंबी सोलत होतीस, आणि मी नळावर जायला निघाल्यासारखी पुढं निघून गेले. हातात कळशीसुद्धा नव्हती.

तुला कावीळ झाली तेव्हाही मी दवाखान्यात आले होते, तुला माहीत नाही. तांदळाची पेज घेऊन. खोलीच्या दारातून तुझे पाय दिसले, पिवळे, पसरलेले. डबा तिथल्या आयाकडे दिला आणि परत फिरले. म्हटलं, उद्या बोलू. त्यानंतरचा उद्या आलाच नाही.

काल जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी ओटी मोकळी करत होती. बाज उचलली. मी वंदनेला म्हटलं, "जपून, ढेकूण आहेत." ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसले ढेकून? मामांची बाज ती, माझ्या सासऱ्यांची. आयला सोडून मोऱ्याच्या बाईकडं गेलते, तिनं टाकल्यावर आयले होते ना परत, आजारी. आय त्यांना दीड वर्ष इथंच वाढायची. घरात नाय घेतला कधी, पन उपाशी बी नाय ठेवला. मी नवीन होते तवा. रोज इचारायची, पानी पायजे काय?"

त्या समाजमंदिरात चाळीस बायका होत्या. कडी वाजल्यावर बाई काय करते हे खरोखर माहीत असलेली एकच होती, आणि मी म्हणाले, त्यांना काय कळतंय.

मग वंदनेनं ती पिशवी दिली. आत पुड्या होत्या, उलगडून, हातानं सारख्या करून, एकावर एक रचलेल्या. "रोज बाजारातून आनायची. आम्ही बोलायचो, आय, कचरा कशाला जमवतंस? तर बोलायची, शालनला दे. ती बगंल." सगळ्यात वरची महिन्याभरापूर्वीची होती, औषधाच्या दुकानातली. घरी येऊन मी एकूण एक वाचली. गाईड, जाहिराती, कुणाच्या वहीतली बेरीज, अर्धं पंचांग. हेमलता एकाही पुडीवर नाही. तुला ते ओळखता येणारच नव्हतं. म्हणून तू सगळ्याच ठेवल्यास. खरा शेवट कळल्यावरही ठेवत राहिलीस. कशासाठी ते मला कळतंय. मला पुन्हा तुझ्या ओटीवर आणायला दुसरं काही तुझ्याकडे नव्हतं.

मंडळातलं पुस्तक मी आज मॅडमना सांगून, कपाट उघडायला लावून पुन्हा आणलंय. पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे, पुस्तकात काहीही लिहू नये. शेवटच्या पानावर छापलेलं संपतं तिथून खाली अर्धं पान कोरं आहे. त्यात मी लिहिलं. पेन्सिलनं नाही, सुनीताच्या पेनानं, कारण पेन्सिल पुसता येते. तुझे शब्द, तुझ्या बोलीत, एकही न बदलता. ओटी, बाज, भाकरी, पांघरून, दोनदा पानी पायजे काय. त्याखाली लिहिलं, "हा शेवट शिरवण्याच्या हिराबाई यांचा. लिहून घेणार शालन, त्यांची भाडेकरू." मग भाडेकरू खोडलं आणि लिहिलं, वाचून दाखवणारी.

परवा गुरुवार आहे. मॅडम परत आलेलं पुस्तक मागून पुढं चाळतात, पानं बघायला. गुरुवारी सगळ्या असतात, त्या चष्मेवाल्या बाईसुद्धा.

सुनीता पान बघून म्हणाली, "आई, मॅडम ओरडतील. काय सांगणार तू?"

मी गुरुवारसारखी, आमच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून उभी राहिले; समाजमंदिरात तू दारापाशीच बसली होतीस. म्हटलं, "हे मी लिहिलंय. शेवट माझ्या मावशीचा आहे. त्या दिवशी ती इथंच बसली होती, आणि तिला कळत होतं."

"ऐकू नाही आलं," सुनीता म्हणाली. "मोठ्यानं गं."

मी पुन्हा म्हटलं.